लेखनाचा बँड ६ वरून हलत का नाही?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा अ‍ॅकॅडेमिक प्रकार दोनदा दिला. ऐकणं आणि वाचन यांत ८ बँड (म्हणजे ९ पैकी गुण), बोलण्यात ७, पण लेखनात दोन्ही वेळा ६ च आले. मला ७ हवेत. सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा आहे. मी रोज दोन निबंध लिहिते, शंभरेक भारदस्त शब्द पाठ केलेत, सुरुवातीचा आणि शेवटाचा साचाही तयार आहे. तपासून देणारं मात्र कुणी नाही. व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करू का? परीक्षा संगणकावर द्यावी की कागदावर? आणि गेल्या वेळचा पेपर फेरतपासणीला द्यायला हवा होता का? – एक वाचक

उत्तर: आधी रोजचे दोन निबंध आजपासून थांबवा. आठवड्याला दोन पुरे. तुमची मेहनत कमी पडतेय असं पत्रावरून अजिबात वाटत नाही. उलट न तपासलेले निबंध रोज लिहून त्याच त्या चुका हाताला पक्क्या बसत चालल्या आहेत. चुकीचा पाढा रोज म्हटला तर तो चुकीचाच पाठ होतो, तसं हे झालंय.

व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडायचीही गरज नाही. ऐकण्यात आणि वाचनात ८ मिळवणाऱ्या माणसाला इंग्रजी कळतं. तुमचा बँड ज्या चुकांनी अडलाय त्या फार तर सात-आठ प्रकारच्या असतील, आणि त्यांतल्या निम्म्या तरी भाषेच्या नसून प्रश्न नीट न वाचण्याच्या आणि मुद्दा अर्धवट सोडण्याच्या असतील.

गुण कसे पडतात ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे वेळ कुठे घालायचा ते ठरेल. लेखनाला एकूण ६० मिनिटं. पहिला टास्क (आकृतीचं वर्णन) किमान १५० शब्दांचा, दुसरा (मत मांडणारा निबंध) किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. प्रत्येक टास्क चार निकषांवर तपासला जातो: विचारलेल्याला पूर्ण उत्तर दिलंय का, मांडणी आणि वाक्यांची सांधेजोड, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. चारही निकषांचं वजन सारखं. म्हणजे तुम्ही पाठ केलेले शंभर शब्द फार तर एका निकषाला हात लावतात, आणि चुकीच्या जागी बसले तर तिथेही गुण घालवतात. साच्यामुळे तर दोन निकषांचं नुकसान होतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

या निकषांचे बँडनिहाय तक्ते, म्हणजे बँड डिस्क्रिप्टर्स, सगळ्यांना वाचायला खुले आहेत. त्यातले ६ आणि ७ चे रकाने शेजारी ठेवून वाचा. थोडक्यात फरक असा. ६ ला मुद्दे विषयाला धरून असतात, पण काही पुरेसे फुलवलेले नसतात. ७ ला भूमिका पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट असते आणि मुद्दे पुढे नेलेले, आधार दिलेले असतात. ६ ला जोडशब्द यांत्रिकपणे टाकलेले दिसतात. ७ ला एक विचार दुसऱ्याकडे सहज सरकतो. ६ ला साधी आणि मिश्र वाक्यं असतात, चुका असतात पण अर्थ कळतो. ७ ला पूर्ण निर्दोष वाक्यं वारंवार येतात. अवघड शब्दांची संख्या कुठल्याही रकान्यात मोजलेली नाही. नेमकेपणा आणि शब्दांची योग्य जोडी मात्र मोजली जाते.

आता दुसरा टास्क, कारण तुमचा प्रश्न मुख्यतः तिथेच सुटणार आहे. समजा प्रश्न असा आला: शहरांतली वाहतूक कोंडी कमी करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे सार्वजनिक वाहतूक मोफत करणं, असं काहींना वाटतं. तुम्ही कितपत सहमत आहात?

बहुतेक जण यात ‘सार्वजनिक वाहतूक’ एवढंच वाचतात आणि लिहायला लागतात: प्रदूषण घटेल, पैसे वाचतील, इंधन वाचेल, गरिबांची सोय होईल. इंग्रजी कितीही चांगलं असो, हे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. प्रश्नाचा जीव तीन ठिकाणी आहे: ‘कोंडी’, ‘मोफत’ आणि ‘सर्वांत चांगला’. प्रदूषणाचा मुद्दा कोंडीशी जोडला नाही तर तो विषयाबाहेर जातो. बसगाड्या वाढवाव्यात हा मुद्दा ‘मोफत’शी ताडून पाहिला नाही तर तोही लोंबकळत राहतो. आणि ‘सर्वांत चांगला’ म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्या उपायाशी तुलना आलीच पाहिजे. ती नसेल तर प्रश्नाचा एक तुकडा अनुत्तरित राहिला असं परीक्षकाला दिसतं.

म्हणून या टास्कच्या ४० मिनिटांतली पहिली सहा मिनिटं लिहायचं नाही. प्रश्नातले असे कळीचे शब्द अधोरेखित करा, स्वतःचं मत एका ओळीत लिहा, आणि त्याला आधार देणारे दोनच मुद्दे निवडा. प्रत्येक मुद्द्यापुढे ‘का?’ आणि ‘म्हणजे काय होतं?’ या दोन प्रश्नांची उत्तरं दोन-तीन शब्दांत टिपा. हा कच्चा आराखडा मराठीत केला तरी चालेल, डोकं मोकळं चालतं. वाक्य मात्र थेट इंग्रजीत जुळवा. मराठी वाक्य मनात तयार करून मग त्याचं भाषांतर करायला गेलात की शब्दांचा क्रम आणि अव्ययं फसतात. सहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात खरी, पण आराखडा नसलेल्या निबंधात तिसऱ्या परिच्छेदाशी येऊन ‘आता काय लिहू’ म्हणून जो वेळ जातो तो याहून जास्त असतो.

बाकीची वाटणी अशी ठेवा: २९ मिनिटं लेखन, पाच मिनिटं तपासणी. लांबी २७० ते २९० शब्द. यापेक्षा जास्त लिहिल्याने थेट गुण कापले जात नाहीत, पण तपासणीचा वेळ जातो आणि चुका वाढतात. २५० च्या खाली गेलात तर मात्र फटका बसतो, आणि प्रश्नातून जशीच्या तशी उचललेली वाक्यं शब्दसंख्येत धरली जात नाहीत. उत्तर सलग परिच्छेदांतच हवं; टिपणासारखे मुद्दे मांडू नका.

मुद्दा फुलवणं म्हणजे काय, ते वरच्याच प्रश्नावर बघा. मजकूर इथे मराठीत देतोय, लिहिताना तो इंग्रजीत असेल. ६ च्या पातळीवरचा परिच्छेद साधारण असा असतो:

‘पहिली गोष्ट म्हणजे, सार्वजनिक वाहतूक मोफत केली तर लोक ती जास्त वापरतील. त्यामुळे कोंडी कमी होईल. शिवाय प्रदूषण कमी होईल. त्याचबरोबर लोकांचे पैसेही वाचतील. उदाहरणार्थ, अनेक देशांत लोक रोज बसने प्रवास करतात.’

पाच वाक्यं आणि चार मुद्दे. एकाचंही ‘का’ सांगितलेलं नाही. आणि ते उदाहरण कशाचं आहे? लोक बसने जातात, पण ती बस मोफत आहे का, तिने कोंडी घटली का, काहीच नाही. आता हाच परिच्छेद विरोधी बाजूने, एकच मुद्दा घेऊन:

‘तिकीट माफ केल्याने गाडीवाले बसकडे वळतीलच असं नाही, कारण त्यांनी गाडी निवडलेली असते ती वेळ वाचवण्यासाठी. ज्याला कामावर पोचायला गाडीने पंचवीस मिनिटं लागतात आणि बसने, थांब्यावरची वाट धरून, तासभर, त्याला वाचलेलं भाडं त्या पस्तीस मिनिटांची भरपाई वाटत नाही. अशा सवलतीचा फायदा मुख्यतः आधीपासूनच बसने किंवा पायी जाणाऱ्यांना होतो, आणि रस्त्यावरच्या गाड्या जवळपास तेवढ्याच राहतात. तोच पैसा फेऱ्या वाढवण्यात आणि बससाठी स्वतंत्र मार्गिका आखण्यात घातला, तर गाडी घरी ठेवायला खरं कारण मिळेल.’

चार वाक्यं, मुद्दा एक. पहिल्या वाक्यात दावा आणि कारण, दुसऱ्यात डोळ्यांसमोर येईल असं उदाहरण, तिसऱ्यात परिणाम, चौथ्यात ‘सर्वांत चांगला’ या शब्दाला थेट उत्तर. एकही भारदस्त शब्द नाही, आणि एकच जोडशब्द, ‘कारण’. ‘अशा सवलतीचा’ आणि ‘तोच पैसा’ या शब्दांनी वाक्यं एकमेकांना धरून ठेवली आहेत. हीच ती सांधेजोड. इंग्रजीत हे काम ‘धिस’, ‘सच’ आणि ‘द सेम’ करतात. प्रत्येक वाक्याच्या तोंडी ‘फर्स्टली’, ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ लावणं याला तक्त्यात यांत्रिक म्हणतात. पूर्ण निबंधात असे ठळक जोडशब्द चार-पाचपेक्षा जास्त दिसले तर काही खोडून बघा. विचार खरोखर जोडलेला असेल तर वाक्याला काही होत नाही.

उदाहरणाची एक भीती पुष्कळांना असते: आकडे माहीत नाहीत, मग काय द्यायचं? ही सामान्य ज्ञानाची परीक्षा नाही. लक्झेंबर्गने २०२० पासून देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत केली आहे हे ठाऊक असेल तर एका वाक्यात जरूर घाला. ठाऊक नसेल तर वर दिलंय तसं सामान्य माणसाच्या आयुष्यातलं उदाहरण तितकंच चालतं. ‘एका पाहणीनुसार ७३ टक्के लोकांना वाटतं’ अशी मनची पाहणी मात्र लिहू नका. ती लगेच ओळखू येते आणि मुद्दा पुढे नेत नाही, कारण लोकांना काय वाटतं हे त्यामागचं कारण नसतं.

साच्याबद्दल. ‘आजच्या आधुनिक युगात हा विषय अत्यंत वादग्रस्त ठरला आहे’ आणि ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ ही वाक्यं कुठल्याही विषयाला चिकटतात, म्हणून कुठल्याच विषयाबद्दल काही सांगत नाहीत. परीक्षक असे शेकडो निबंध वाचतो. पाठ केलेली भाषा ओळखण्याचं त्याला प्रशिक्षण असतं आणि तिचे गुण मिळत नाहीत. आणखी एक तोटा असा की पाठ केलेली घोटीव वाक्यं आणि त्यांना लागून आलेली तुमची स्वतःची वाक्यं यांतली दरी उघडी पडते. शाळेतल्या निबंधात आपण सुरुवातीला सुविचार टाकायला, मग हळूहळू विषयाकडे यायला शिकलो. इथे त्या सवयीचा उपयोग नाही. प्रस्तावना दोन वाक्यांची: पहिल्यात प्रश्न स्वतःच्या शब्दांत, दुसऱ्यात तुमचं मत. ‘कितपत सहमत’ विचारलंय तर दुसऱ्या वाक्यात ‘कितपत’चं उत्तर आलंच पाहिजे. अंशतः सहमत असाल तर कुठपर्यंत आणि कुठून पुढे नाही, ते सांगा. शेवट एक-दोन वाक्यांचा, त्यात नवा मुद्दा नको आणि प्रस्तावनेतली भूमिका बदललेली नको. शेवटाशी येऊन समतोलाच्या नादात उलटं मत लिहिणारे बरेच असतात. आधीचे सगळे परिच्छेद त्यामुळे निराधार होतात.

तुमच्या शंभर शब्दांतले सगळे टाकून द्या असं म्हणणार नाही. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या शब्दाबरोबर येतो ती जोडी लिहा. जी जोडी तुम्हाला वाचनात किमान दोनदा भेटली असेल तीच वापरा. ‘प्लेथोरा’ लिहून ‘ऑफ’नंतर काय शोभतं हे माहीत नसेल तर साधं ‘मेनी’ बरं. उलट ‘रिसर्च’ला ‘कंडक्ट’, ‘डिसिजन’ला ‘मेक’, ‘ट्रॅफिक’ला ‘हेवी’, ‘प्रॉब्लेम’ला ‘टॅकल’ अशा अचूक जोड्या शब्दसंपत्तीच्या निकषात खरोखर वजन टाकतात. वाहतूक, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, तंत्रज्ञान, काम, गुन्हेगारी या विषयांच्या प्रत्येकी पंधरा जोड्या पुरेत.

व्याकरणात मराठी बोलणाऱ्याचा पाय ठरावीक जागीच घसरतो, आणि त्यामागे आपल्या भाषेचीच घडण असते. कारण कळलं की चूक पकडणं सोपं जातं.

सगळ्यांत मोठी जागा म्हणजे ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’. मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे ते नसलेलं डोळ्यांना खुपत नाही. दोन नियम तपासणीपुरते लक्षात ठेवा. मोजता येणारं एकवचनी नाम उघडं राहत नाही: ‘कार’, ‘चाइल्ड’, ‘प्रॉब्लेम’ यांच्यापुढे ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘देअर’ यांतलं काहीतरी हवंच. आणि सर्वसाधारण बोलताना अनेकवचनाला किंवा न मोजता येणाऱ्या नामाला ‘द’ नको: ‘द सोसायटी’, ‘द नेचर’, ‘द पीपल’ असं सरसकट लिहिणं चूक. एवढ्या दोन नियमांनी आर्टिकलच्या बहुतांश चुका जातात.

दुसरी जागा जोडीच्या अव्ययांची. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतो, म्हणून हात ‘ऑल्दो’नंतर नकळत ‘बट’ लिहितो. इंग्रजीला दोहोंतलं एकच पुरतं. ‘बिकॉज’नंतर ‘सो’चंही तेच. तिसरी जागा शब्दयोगी अव्ययांची: आपण विषया‘वर’ चर्चा करतो आणि गोष्टी‘वर’ भर देतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘एम्फसाइझ ऑन’ लिहिलं जातं, दोन्ही ठिकाणी अव्यय नकोच. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ही काढा. चौथी, स्वल्पविरामाची. मराठीत दोन-तीन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने एकामागून एक ओवलेली खटकत नाहीत. इंग्रजीत तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘अँड’, ‘बट’ लागतो. ही एकच चूक निबंधात पाच-सहा वेळा होते आणि तितकी वाक्यं निर्दोष वाक्यांच्या यादीतून बाद होतात. याखेरीज ‘वन ऑफ द’नंतर अनेकवचन, ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’ यांना कधीही ‘एस’ नाही, आणि कर्ता लांबलचक झाला की क्रियापदाचा ‘एस’ विसरणं. ‘द नंबर ऑफ’ला एकवचनी क्रियापद, ‘अ नंबर ऑफ’ला अनेकवचनी.

स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन यावर वेळ घालवू नका. दोन्ही चालतात, फक्त एकच धरा.

पहिल्या टास्कला २० मिनिटं, १६५ ते १८५ शब्द. तुमच्या अ‍ॅकॅडेमिक परीक्षेत आलेख, तक्ता, प्रक्रियेची आकृती किंवा नकाशा येतो, आणि तिथे तुमचं मत किंवा कारणमीमांसा नको. कोळशाचा वापर का घटला हे आकृतीत नाही, म्हणून लिहायचं नाही. इथे ६ आणि ७ मधला सगळ्यांत ठळक फरक पडतो तो ओव्हरव्ह्यूमध्ये, म्हणजे आकडे न देता एकूण चित्र सांगणाऱ्या दोन वाक्यांत. समजा वीजनिर्मितीचा आलेख आहे: १९९० ते २०२० या काळात कोळशाचा वाटा ६० टक्क्यांवरून २५ वर, गॅसचा २० वरून ३५ वर, आणि वाऱ्याचा शून्यावरून ३० वर. ओव्हरव्ह्यू असा: ‘कोळशाचा वाटा निम्म्याहून जास्त घसरला, तर बाकी दोन्हींचा वाढला, त्यातही वाऱ्याचा सर्वाधिक. सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर असलेला कोळसा शेवटी तिसऱ्या क्रमांकावर गेला.’ हे लिहून झाल्यावर मग दोन परिच्छेदांत आकडे. सगळे आकडे नाहीत. सुरुवात, शेवट, आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात तेवढेच. दर वर्षाचा आकडा ओळीने लिहीत जाणं आणि ओव्हरव्ह्यूच नसणं हे ५ चं लक्षण आहे.

आकड्यांची एक खुबी याच आलेखात आहे. गॅसचा वाटा २० वरून ३५ झाला. मराठीत ‘पंधराने वाढला’ आणि ‘पस्तीसवर पोचला’. इंग्रजीत अनुक्रमे ‘बाय’ आणि ‘टू’. यांची अदलाबदल झाली की वाक्य व्याकरणाने बरोबर पण माहितीने चूक ठरतं, आणि पहिल्या टास्कमध्ये ते महाग पडतं. शिवाय ही वाढ १५ ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ची आहे. ‘बाय १५ पर्सेंट’ लिहिलंत तर चूक, कारण २० वर १५ ची भर म्हणजे ७५ टक्के वाढ.

प्रक्रियेच्या आकृतीत कर्मणी प्रयोग वापरा आणि एकही टप्पा गाळू नका. ओव्हरव्ह्यूमध्ये एकूण टप्पे किती, कशापासून सुरू, कशात शेवट. नकाशात दिशा आणि एकूण बदलाचं स्वरूप. जनरल ट्रेनिंग हा परीक्षेचा दुसरा प्रकार देणाऱ्यांना या जागी पत्र असतं. त्यांनी प्रश्नातले तीनही मुद्दे घेतलेत का आणि पत्राचा सूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच आहे का, एवढं पाहावं.

आधी कोणता टास्क लिहायचा? आमच्या मते दुसरा. दुप्पट वजनाचं काम ताज्या डोक्याने व्हावं. पण घड्याळात ४० मिनिटं झाली की वाक्य संपवून पहिल्याकडे वळा. अर्धवट राहिलेल्या पहिल्या टास्कने गेलेले गुण आणखी एका सुंदर वाक्याने भरून येत नाहीत.

आता सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात एकही पूर्ण निबंध नाही. तुमच्याकडे जुन्यांचा ढीग आहेच, त्यातले दहा काढा. प्रत्येकातली प्रत्येक चूक वहीत चूक, दुरुस्ती आणि प्रकार अशा तीन रकान्यांत लिहा. दहा झाले की प्रकार मोजा. वर येणारे पहिले तीन प्रकार हाच तुमचा व्याकरणाचा अभ्यासक्रम, बाकीचं पुस्तक मिटून ठेवा. त्याच आठवड्यात रोज दोन नवे प्रश्न घेऊन सहा मिनिटांत फक्त आराखडा करा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात रोज एक परिच्छेद, वर दाखवला त्या पद्धतीचा, वेळेचं बंधन न घालता. आठवड्याला दोन निबंध, त्यांतला प्रत्येक दोनदा लिहायचा: पहिल्या दिवशी ४० मिनिटांत लिहा, एक दिवस बाजूला ठेवा, तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचून तीन फेऱ्यांत तपासा. पहिल्या फेरीत फक्त प्रश्नाला उत्तर आहे का ते, दुसरीत फक्त क्रियापदं, तिसरीत फक्त नामं आणि त्यांच्यापुढचं ‘अ’, ‘द’ किंवा मागचा ‘एस’. सगळं एकदम तपासायला गेलं की डोळा अर्थ वाचत सुटतो आणि चूक निसटते. चौथ्या दिवशी मूळ निबंध न बघता तोच प्रश्न पुन्हा लिहा. दोन्ही वेळच्या पूर्ण निर्दोष वाक्यांची संख्या मोजून वहीत मांडा. चौदा वाक्यांत पाच निर्दोष असतील तर नऊ हे लक्ष्य धरा. रोज नवा निबंध लिहून जे कळत नाही ते या एका आकड्यावरून कळतं.

चौथा-पाचवा आठवडा वेळ लावून, दोन्ही टास्क मिळून ६० मिनिटांत, आठवड्याला दोनदा, आणि त्यातलाच दुसरा टास्क पुनर्लेखनाला घ्यायचा. सहाव्यात दोन पूर्ण सराव पेपर, शेवटच्या दोन दिवसांत फक्त चुकांची वही.

तपासणारं माणूस रोज लागत नाही, पण तीनदा लागतं: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याच्या शेवटी. इंग्रजी शिकवणारं आणि निकष माहीत असलेलं कुणीतरी गाठा. ‘किती बँड मिळतील’ हे विचारू नका. कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं आणि कुठला मुद्दा पटला नाही, हे विचारा. मधल्या काळात एआयचं साधन वापरायला हरकत नाही, पण त्याला ‘चूक असलेली ओळ दाखव, दुरुस्ती देऊ नको’ असं सांगा. निबंध त्याच्याकडून सुधारून घेतला तर वाचायला छान वाटतं आणि तुमच्या हाताला काहीच वळण लागत नाही. ते देतं त्या बँडच्या आकड्यावर विसंबू नका.

संगणक की कागद? केंद्रावर दोन्ही पर्याय असतील तर संगणक घ्या. २९ मिनिटांत २८० शब्द म्हणजे मिनिटाला जेमतेम दहा, त्याला फार वेगाची गरज नाही. शब्दसंख्या पडद्यावर दिसते, वाक्य वरखाली हलवता येतं, आणि पाच मिनिटांच्या तपासणीत खाडाखोड न करता दुरुस्ती होते. धोका एकच: तिथे चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ उमटत नाही. सराव करताना स्पेलिंग तपासणी आणि आपोआप दुरुस्ती आजच बंद करून टाका. कागदावर द्यावी लागली तर पूर्ण सराव हातानेच करा आणि आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते मोजून ठेवा. परीक्षेत शब्द मोजत बसायला वेळ नसतो.

फेरतपासणीचं विचारलंय. त्यासाठी अर्जाची मुदत आणि शुल्क असतं, आणि गुण बदलले तर शुल्क परत मिळतं. एकदाच ६ आले असते तर विचार करण्याजोगं होतं. दोन वेगळ्या परीक्षांत, वेगळ्या प्रश्नांवर तेच गुण आले, म्हणजे तो आकडा बहुधा खरा आहे. अर्ज केला नाहीत याची खंत नको. या खेपेला संगणकावर दिलीत आणि फक्त लेखन अडलं, तर वन स्किल रीटेकची सोय बघा. ती जिथे उपलब्ध आहे तिथे मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत चारांपैकी एकच भाग पुन्हा देता येतो. असा निकाल सगळीच विद्यापीठं स्वीकारत नाहीत, म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाला आत्ताच ईमेल करून विचारून ठेवा.